कॅमेरा कोणाच्या मालकीचा?

(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कॅनडाच्या अतिउत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, इग्लूलिक नावाचे एक लहानसे गाव आहे. आजची वस्ती सुमारे दोन हजारांची. या गावापुढे १९७५ साली एक प्रश्न आला : गावात दूरचित्रवाणी यावी की न यावी? कॅनडाने १९७२ मध्ये 'ॲनिक' हा दळणवळणाचा उपग्रह अवकाशात सोडला होता आणि त्याच्या साहाय्याने दक्षिणेतील शहरांत तयार होणारे कार्यक्रम बर्फाळ उत्तरेच्या वस्त्यांपर्यंत पोचविणे शक्य झाले होते. इग्लूलिकच्या लोकांनी मतदान केले आणि 'नको' म्हणून सांगितले. १९७९ साली पुन्हा मतदान झाले. पुन्हा तेच उत्तर मिळाले.

या नकाराचा अर्थ काय? पुढारलेल्या जगाला त्यात केवळ मागासलेपणा दिसला असता. वस्तुतः तसे काही नव्हते. हे लोक यंत्राला भिणारे नव्हते. कुत्र्यांच्या गाड्या सोडून त्यांनी बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या स्वीकारल्या होत्या, बंदुका स्वीकारल्या होत्या. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्रातून येणाऱ्या एकतर्फी वाणीला होता. त्या पेटीतून येणारा एकही शब्द त्यांच्या इनुक्टिटुट भाषेतला असणार नव्हता. घरातल्या म्हाताऱ्यांनी मुलांना गोष्टी सांगायच्या त्या वेळात मुले दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टी दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेत ऐकत बसणार होती. १९८३ साली मात्र गावाने दूरचित्रवाणीला होकार दिला. मधल्या काळात इनुइट लोकांची स्वतःची प्रसारणसंस्था उभी राहिली होती आणि इनुक्टिटुट भाषेतले कार्यक्रम सुरू झाले होते. नकार आणि होकार या दोहोंमागे एकच सूत्र होते. पेटी कोणती हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. तीत बोलणार कोण, हा खरा प्रश्न होता.

आदिवासींच्या कथा आणि चित्रपट-दूरचित्रवाणीतील त्यांचे चित्रण या विषयाकडे बहुधा सौंदर्यशास्त्राच्या किंवा सहानुभूतीच्या दृष्टीने पाहिले जाते. चित्रण खरे आहे की खोटे, गौरवाचे आहे की अपमानाचे, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु चित्रपट हे कारखान्यातल्या मालासारखे उत्पादनही आहे. त्याला भांडवल लागते, साधने लागतात, श्रम लागतात, वितरणाची व्यवस्था लागते. जिथे उत्पादन आहे तिथे मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून चित्रणाचा प्रश्न सुटत नाही. कॅनडातील इनुइट लोकांचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

फर कंपनीचा चित्रपट

जगभर 'एस्किमो' या नावाने ओळखल्या गेलेल्या, पण स्वतःला 'इनुइट' म्हणविणाऱ्या या लोकांची पहिली जगप्रसिद्ध चित्रप्रतिमा म्हणजे 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ सालचा मूकपट. रॉबर्ट फ्लाहर्टी हा त्याचा दिग्दर्शक. अनुबोधपटांच्या इतिहासात या चित्रपटाला आद्य स्थान दिले जाते, आणि त्याची छायाचित्रणकला आजही मोहून टाकणारी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचे भांडवल आले कोठून? ते आले रेव्हियाँ फ्रेर या फरचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीकडून. इनुइट शिकाऱ्यांनी आणलेली कातडी विकत घेऊन युरोपच्या बाजारात विकणे हा तिचा धंदा. ज्यांच्या श्रमावर कंपनी चालली होती त्यांचेच चित्र कंपनीच्या पैशाने काढले गेले, आणि त्या चित्रात व्यापारी केवळ एक भला यजमान म्हणून थोडा वेळ दिसतो.

चित्रपटातला 'नानूक' हा प्रत्यक्षात अल्लाकारियालाक नावाचा माणूस होता. 'नानूक' म्हणजे ध्रुवीय अस्वल. प्रेक्षकांना सोपे आणि आकर्षक वाटावे म्हणून हे नाव त्याला चिकटविण्यात आले. त्याची पडद्यावरची पत्नी ही त्याची पत्नी नव्हती. बर्फाच्या घरात कॅमेऱ्यापुरता उजेड नव्हता, म्हणून अर्धेच घर बांधून त्यात कुटुंबाला झोपविण्यात आले. त्या काळात बंदुका सर्रास वापरल्या जात असताना वॉलरसची शिकार भाल्याने करून दाखविण्यात आली. व्यापारी ठाण्यावर ग्रामोफोन पाहून नानूक चकित होतो आणि तबकडी दातांनी चावून पाहतो, असे एक दृश्य आहे. अल्लाकारियालाकला ग्रामोफोन चांगला ठाऊक होता. ते अज्ञान त्याने पडद्यासाठी वठविले होते. त्याला अभिनय करता येत होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. प्रेक्षकांनी मात्र ते अज्ञान त्याच्या जातीचे म्हणून घेतले.

फ्लाहर्टीची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नष्ट होत चाललेली जुनी जीवनपद्धती नोंदवून ठेवावी अशी त्याची इच्छा होती. इनुइट सहकाऱ्यांनी चित्रीकरणात उत्साहाने भाग घेतला, त्यांच्या कौशल्यावाचून तो चित्रपट झालाच नसता. दोष एका माणसाच्या हेतूत शोधून भागणार नाही. दोष होता तो व्यवस्थेत. सहकारी असूनही त्या लोकांना चित्रपटावर हक्क नव्हता, नफ्यात वाटा नव्हता, आणि आपले चित्र कसे जावे याबाबत शेवटचा शब्दही नव्हता.

या कथेचा उत्तरार्ध अधिक क्लेशकारक आहे. चित्रीकरण झाले ते हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुक्जुआक या वस्तीत. तीस वर्षांनंतर, १९५३ आणि १९५५ साली, कॅनडाच्या सरकारने याच वस्तीतील काही कुटुंबांना उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीझ फिओर्ड आणि रेझोल्यूट या ठिकाणी नेऊन सोडले. तेथे हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. तेथली शिकार वेगळी, बर्फ वेगळा. उत्तरेत शिकार भरपूर मिळेल, आणि दोन वर्षांत आवडले नाही तर परत आणू, असे आश्वासन देण्यात आले होते. ते पाळले गेले नाही. त्या ओसाड बेटांवर कॅनडाचे सार्वभौमत्व ठसविण्यासाठी तेथे माणसे हवी होती, हे त्यामागचे एक कारण होते, असा निष्कर्ष पुढे राजनियुक्त आयोगाने १९९४ मध्ये काढला. सरकारने रीतसर क्षमा मागितली ती २०१० साली. १९५५ मध्ये नेण्यात आलेल्यांत जोसेफी फ्लाहर्टी हा होता. रॉबर्ट फ्लाहर्टीला त्या वस्तीतील इनुइट स्त्रीपासून झालेला, आणि त्याने कधीही जवळ न केलेला, हा मुलगा. त्याची मुलगी मार्था हिची कहाणी 'मार्था ऑफ द नॉर्थ' या २००८ सालच्या अनुबोधपटातून जगापुढे आली.

चित्र आणि हकालपट्टी यांचा कार्यकारणसंबंध सरळ रेषेत जोडता येणार नाही. परंतु एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. जो माणूस सदैव हसतमुख आहे, कोठेही नेऊन सोडले तरी बर्फाचे घर बांधून राहील, ज्याला काळ नाही आणि गाव नाही, असे चित्र एकदा जनमानसात रुजले की त्याला त्याच्या गावातून उचलणे हा अन्याय वाटेनासा होतो. शिकारी तो, कोठेही शिकार करील. प्रतिमेने अन्याय केला नाही हे खरे, पण अन्यायाला जी बधिरता लागते ती पुरविली.

प्रतिमा आणि बाजारभाव

प्रतिमेचा पोटाशी संबंध कसा येतो, याचे अधिक थेट उदाहरण सीलच्या शिकारीचे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापारी शिकारी सीलची पांढरीशुभ्र पिले मारीत. त्याविरुद्ध युरोप-अमेरिकेत प्राणिप्रेमी संघटनांनी मोठी मोहीम उभारली. रक्ताने माखलेला बर्फ आणि डोळ्यांत पाणी आल्यासारखे दिसणारे पिलू, ही दोन चित्रे घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांवर पोचली. परिणामी १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने पिलांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, आणि २००९ मध्ये युरोपीय संघाने एकंदर सीलजन्य मालावरच निर्बंध आणले.

इनुइट लोक पांढरी पिले मारीत नव्हते. ते प्रौढ सील मारीत, मांस खात, कातड्याचे कपडे करीत आणि उरलेली कातडी विकून बंदुकीच्या गोळ्या व गाडीचे इंधन घेत. कायद्यात त्यांना सवलतही ठेवली होती. परंतु बाजार कायद्याचे पोटकलम वाचीत नाही. सील या शब्दालाच काळिमा लागला होता. कातड्यांचे भाव कोसळले आणि उत्तरेतल्या वस्त्यांची रोख मिळकत पाहता पाहता आटली. किराणा मालाचे भाव जगात अतिमहाग असलेल्या त्या प्रदेशात याचा अर्थ उपासमार असा होतो. अलेथिया अर्नाकुक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने 'अँग्री इनुक' हा २०१६ सालचा अनुबोधपट याच विषयावर केला. तिचे म्हणणे सरळ होते : संघटनांकडे छायाचित्रे होती, पैसा होता, प्रसिद्धीची यंत्रणा होती. इनुइटांकडे केवळ सत्य होते, आणि ते पोचविण्याचे साधन नव्हते. उदात्त हेतूने चालविलेली मोहीमही, ज्यांच्या जीवनावर ती परिणाम करते त्यांना विचारल्यावाचून चालविली, तर दुर्बलांवरच उलटते. पुरोगामी चळवळींनीही हा धडा घ्यावयास हवा.

सरकारी कॅमेरा आणि त्याच्या मर्यादा

या परिस्थितीत बदल कसा घडला? त्याचे काही श्रेय एका सार्वजनिक संस्थेला द्यावे लागेल. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९६७ मध्ये 'चॅलेंज फॉर चेंज' नावाची योजना सुरू केली. दारिद्र्याने गांजलेल्या आणि उपेक्षित समाजांच्या हाती कॅमेरा द्यावा, ही त्यामागील कल्पना. तिच्यातून आदिवासी तरुणांचे एक चित्रपथक तयार झाले. १९६८ च्या डिसेंबरात कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरील मोहॉक लोकांनी पूल अडवून धरला. सरहद्द त्यांच्या भूमीमधून गेलेली आणि रोजच्या सामानावर जकात द्यावी लागे. १७९४ च्या 'जे करारा'ने आपल्याला ये-जा करण्याचा हक्क दिला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिसांशी झालेल्या झटापटीचे चित्रण या पथकाने केले आणि त्यातून 'यू आर ऑन इंडियन लँड' हा १९६९ सालचा अनुबोधपट झाला. मात्र दिग्दर्शक म्हणून मोहॉक तरुण माइक मिचेल याचे नाव अधिकृतपणे नोंदले जायला २०१७ साल उजाडावे लागले. कॅमेरा हाती आला, तरी नाव लागायला जवळजवळ अर्धशतक जावे लागले!

त्याच बोर्डात १९६७ पासून काम करणाऱ्या अलानिस ओबोमसाविन या अबेनाकी जमातीच्या विदुषीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १९९० साली मॉन्ट्रिऑलजवळच्या ओका या गावाने गोल्फचे मैदान वाढविण्यासाठी मोहॉकांची पाइनची राई आणि दफनभूमी यांवर हक्क सांगितला. मोहॉकांनी रस्ते अडविले, सैन्य आले, आणि ७८ दिवस वेढा पडला. बहुतेक बातमीदारांचे कॅमेरे सैन्याच्या बाजूने आत पाहत होते. ओबोमसाविन यांचा कॅमेरा तारेच्या कुंपणाच्या आतून बाहेर पाहत होता. त्यातून १९९३ साली 'कानेसाताके : २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स' हा चित्रपट आला. शीर्षकातले २७० हे अंक महत्त्वाचे आहेत. वृत्तपत्रांसाठी ती ७८ दिवसांची बातमी होती, तेथल्या माणसांसाठी तो पावणेतीन शतकांचा इतिहास होता. कोण सांगतो त्यावर गोष्टीची सुरुवात कोठे होते हे ठरते. आणि सुरुवात कोठे होते यावर अपराधी कोण हे ठरते.

पंधरा सेंटांचा प्रश्न

परंतु एखाद्या संस्थेच्या कृपेवर किंवा एखाद्या व्यक्तीच्या प्रतिभेवर समाजाची वाणी अवलंबून राहू शकत नाही. तिला कायमस्वरूपी आर्थिक पाया लागतो. इनुइट प्रसारणसंस्थेला १९८१ मध्ये परवाना मिळाला. १९८३ पासून उत्तरेतील आदिवासी प्रसारणासाठी केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले. परंतु अनुदान म्हणजे अंदाजपत्रकातला एक आकडा. मंत्री बदलला, तूट वाढली, की पहिली कात्री तेथेच लागते, आणि १९९० च्या दशकात ती लागलीही.

यावर जो तोडगा निघाला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. १९९९ मध्ये कॅनडाच्या प्रसारण नियंत्रण आयोगाने आदिवासींच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी वाहिनीला, म्हणजे 'एपीटीएन'ला, परवाना दिला, आणि त्याबरोबर एक बंधनही घातले. देशातील केबल कंपन्यांनी ही वाहिनी मूळ संचातच दाखविली पाहिजे आणि प्रत्येक ग्राहकामागे दरमहा १५ सेंट तिला दिले पाहिजेत. म्हणजे ग्राहकावर वर्षाला दोन डॉलरांहूनही कमी बोजा. केबल कंपन्यांनी कुरकुर केली, ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे आला. परंतु एकेका ग्राहकाची ही क्षुल्लक रक्कम एकत्र झाल्यावर तिच्यातून बातम्या, मालिका, बालकार्यक्रम उभे राहिले. पुढे हा दर २५ सेंट आणि २०१८ मध्ये ३५ सेंट करण्यात आला.

निवडस्वातंत्र्याच्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. बाजारात निवड करतो तो पैसेवाला ग्राहक. जो समाज संख्येने लहान आणि खिशाने रिकामा, त्याच्या भाषेतला कार्यक्रम बाजाराच्या हिशेबात कधीच बसणार नाही. नुनावूत हा इनुइटबहुल प्रदेश १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३७ हजार होती. एवढ्या लोकांच्या भाषेत चित्रपट काढून कोणता भांडवलदार नफा मिळवील? म्हणजेच बाजारावर सोडणे याचा अर्थ येथे तटस्थता असा होत नाही. भाषेला मरू देण्याचा तो निर्णय असतो. रस्ता, पाणी, शाळा यांचा खर्च जसा सर्वांनी उचलायचा, तसाच देशातल्या प्रत्येक समाजाला स्वतःविषयी बोलता यावे याचाही खर्च सर्वांनी उचलायचा, हे तत्त्व त्या पंधरा सेंटांत होते.

दगडातून कॅमेरा

आता पुन्हा इग्लूलिककडे वळू. झकारियास कुनुक हा १९५७ साली जन्मलेला मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत फिरत्या तळावर वाढला आणि मग शाळेसाठी इग्लूलिकला आणला गेला. गावच्या सभागृहात जॉन वेनचे चित्रपट दाखवीत. तिकिटाच्या पैशासाठी हा पोरगा मऊ दगडाच्या लहान लहान मूर्ती कोरून विकी. मोठेपणी तो चांगला शिल्पकार झाला. १९८१ साली मॉन्ट्रिऑलला जाऊन त्याने तीन शिल्पे विकली आणि त्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा घेतला. गावात तेव्हा दूरचित्रवाणीही आलेली नव्हती. काही वर्षे इनुइट प्रसारणसंस्थेत काम केल्यावर १९९० मध्ये त्याने पॉल आपाक, पॉलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोन यांच्यासह 'इसुमा' ही स्वतंत्र निर्मितिसंस्था काढली. तिच्या मालकीचा तीनचतुर्थांश हिस्सा इनुइटांचा होता.

'इसुमा'चा 'अतानार्जुआत' हा चित्रपट २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचे 'कॅमेरा दोर' पारितोषिक घेऊन आला. पूर्णपणे इनुक्टिटुट भाषेतला तो पहिला कथापट. २०१५ मध्ये टोरोंटो महोत्सवाने घेतलेल्या कौलात आजवरचा सर्वश्रेष्ठ कॅनेडियन चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. परंतु पारितोषिकांहून त्याची निर्मितिप्रक्रिया अधिक बोलकी आहे. कथा जुनी, पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली. प्रथम आठ वृद्धांकडून तिचे वेगवेगळे पाठ ध्वनिमुद्रित करून घेण्यात आले आणि त्यांतून पटकथा बांधली गेली. पटकथेचा मुख्य लेखक पॉल आपाक चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, १९९८ मध्ये, कर्करोगाने गेला. कातड्याचे कपडे गावातल्या बायकांनी शिवले, हत्यारे गावातल्याच हातांनी घडविली, नट गावचेच. सुमारे वीस लाख डॉलरांचा हा चित्रपट. त्यातला मोठा भाग मजुरीच्या रूपाने गावात राहिला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या 'नानूक'मध्येही कौशल्य इनुइटांचेच होते. फरक कौशल्यात पडला नव्हता. मोबदला, मालकी आणि शेवटचा शब्द यांत तो पडला होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळ कथेच्या अखेरीस नायक शत्रूंना ठार मारून सूड घेतो. चित्रपटात अपराध्यांना मारले जात नाही, त्यांना समाजाबाहेर घालविले जाते. परंपरा म्हणजे गोठलेला बर्फ नव्हे. जे परंपरेचे धनी आहेत त्यांना ती बदलण्याचाही अधिकार आहे. 'नानूक'च्या दिग्दर्शकाने इनुइटांना भूतकाळात ढकलले, तर 'अतानार्जुआत'च्या दिग्दर्शकाने भूतकाळाला आजच्या नैतिक प्रश्नाशी आणून भिडविले. पुढे २०१६ मध्ये कुनुकने जॉन वेनच्याच 'द सर्चर्स' या चित्रपटाची कल्पना घेऊन इनुइट भूमीवरचा चित्रपट केला. त्यात हल्लेखोरही इनुइट आणि त्यांचा पाठलाग करणारेही इनुइट. लहानपणी तिकीट काढून पाहिलेल्या चित्रपटाचे हे सव्याज उत्तर म्हणावे लागेल.

तीन शंका

येथे विजयाचे नगारे वाजवून थांबता येणार नाही. तीन शंकांचा विचार केला पाहिजे.

पहिली आर्थिक. जगन्मान्यता मिळालेली 'इसुमा' २०११ मध्ये कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. कुनुक आणि सहकारी यांनी नव्या संस्थेतून काम पुढे चालविले, हा त्यांचा चिवटपणा. पण कीर्ती म्हणजे भांडवल नव्हे, हे त्यावरून दिसले. उत्पादनाचे साधन हाती आले तरी पतपुरवठा आणि वितरण इतरांच्या हाती राहिले, तर सहकारी संस्थेची जी गत होते तीच येथे झाली. सहकारी चळवळीत आयुष्य घालविलेल्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी शंका अस्मितेची. आदिवासींनीच आदिवासींच्या कथा सांगाव्यात असे ठरले की आदिवासी कोण, हा प्रश्न उभा राहतो. २०२० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय वाहिनीवरील 'ट्रिकस्टर' या गाजलेल्या मालिकेच्या दिग्दर्शिकेने सांगितलेल्या आदिवासी वंशाविषयी शंका घेतली गेली. तिने मालिका सोडली आणि पुढच्या वर्षी मालिकेचे दुसरे पर्व रद्द झाले. खुद्द आदिवासी कलावंतांचा रोजगार गेला. वंशावळी तपासणे हा कोणत्याही समाजवाद्याला आवडणारा उद्योग नव्हे. परंतु वंचितांसाठी राखलेली जागा दुसऱ्याने अडविली तर तेही सोसता येत नाही. यातून सुटण्याचा मार्ग रक्तापेक्षा उत्तरदायित्वात शोधावा लागेल. ज्या समाजाची कथा, त्या समाजाला चित्रकर्ता जाब देतो की नाही, तो समाज त्याला आपला म्हणतो की नाही, ही कसोटी अधिक न्याय्य आहे.

तिसरी शंका मालकीच्या स्वरूपाचीच आहे. कायद्याच्या दृष्टीने लोककथा कोणाचीच नसते, म्हणून ती कोणीही उचलावी. चित्रपट मात्र निर्मात्याचा असतो. गायरानासारखी, सर्वांच्या मालकीची असलेली कथा अशा रीतीने कुंपणाच्या आत जाते, आणि कुंपण घालणारा तिचा मालक होतो. वस्तुतः कोणाचीच नसणे आणि सर्वांची असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गायरानालाही नियम असतात : कोणी, केव्हा, किती गुरे चारायची. तसेच अनेक आदिवासी समाजांत कोणती कथा कोणी, कोणत्या ऋतूत, कोणापुढे सांगायची याचे नियम असतात. प्रताधिकाराच्या कायद्याला व्यक्तीची मालकी समजते, समूहाची समजत नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि केवळ कॅमेरा हाती आल्याने तो सुटणारही नाही.

आपल्या अंगणात

इतक्या दूरच्या देशाची हकीकत महाराष्ट्रात कशासाठी सांगायची? कॅनडाचा उपग्रह १९७२ मध्ये उडाला. १९७५-७६ मध्ये आपल्या देशाने अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविण्याचा प्रयोग केला, आणि त्याचा योग्य तो अभिमानही बाळगला. त्या वेळी खेड्यांना काय दाखवावे, याचा विचार झाला. खेड्यांनी काय दाखवावे, याचा विचार अपवादानेच झाला.

मराठी चित्रपटात जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' १९७७ मध्ये आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर समाजाच्या जीवनावरचा हा चित्रपट मराठी माणसाने डोक्यावर घेतला, आणि तो त्या योग्यतेचा होताच. गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश' या १९८० च्या हिंदी चित्रपटातला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ सगळा वेळ गप्प असतो. व्यवस्थेने त्याची वाचा कशी हिरावली याचे ते अत्यंत प्रामाणिक आणि भेदक चित्र आहे. या कृतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु लेखक, दिग्दर्शक, प्रमुख नट आणि प्रेक्षक हे सारे आदिवासींच्या बाहेरचे होते, हेही तितकेच खरे. मूकपणाचे चित्र सहृदयपणे काढता येते. मूकपणा मोडायला मात्र ज्याचा त्यालाच बोलावे लागते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे नुनावूतच्या लोकसंख्येच्या अडीचशे पटींहून जास्त. देशात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत. दोहोंपैकी एकाही भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. सदतीस हजार माणसांच्या भाषेसाठी एक देश दरमहा काही सेंट गोळा करू शकतो, तर कोटीच्या भाषेसाठी आपण काय गोळा केले, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य असले पाहिजे. धरणाखाली गेलेल्या, अभयारण्यासाठी उठविलेल्या गावांची चित्रे पुष्कळ निघाली. आपले गाव बुडताना पाहणाऱ्याच्या हाती कॅमेरा किती वेळा होता?

इग्लूलिकच्या त्या मुलाने एकदा दगड कोरला तो तिकिटासाठी. पुढे त्याच हातांनी दगड कोरला तो कॅमेऱ्यासाठी. तिकिटापासून कॅमेऱ्यापर्यंतचे हे अंतर त्याने स्वतःच्या श्रमावर कापले, कारण ते दुसऱ्या कोणी कापून देणार नव्हते. परंतु त्यानंतर वाट रुंद झाली ती सार्वजनिक पैशाने, कायद्याच्या बंधनाने आणि दोनदा 'नको' म्हणण्याची हिंमत दाखविणाऱ्या एका लहान गावाच्या सामुदायिक निर्णयाने. वैयक्तिक जिद्द आणि सामाजिक व्यवस्था यांतले एक जरी कमी पडले असते, तरी ती गोष्ट आज जगाला ऐकू आली नसती. आपल्याकडेही दगड कोरणारे हात आहेत. वाट रुंद करण्याचे काम मात्र त्यांच्या एकट्याचे नाही.